पाताळदर्शनाची मागची बाजू

पाताळात जायला आमच्या सोलापुरात फार लांब जावं लागत नसे. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली, की होम मैदानावर आकाशपाळण्यांच्या आणि फोटोवाल्यांच्या रंगीत पडद्यांच्या पलीकडे बसप्पा अण्णांचं ‘पाताळदर्शन’ उभं राही. पुढं पत्र्याचा भला मोठा राक्षस. त्याच्या वासलेल्या तोंडातून दोन-दोन माणसांच्या लाकडी गाड्या रुळांवरून आत जात आणि त्याच्या कानातून बाहेर येत. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या डोक्यातही अभ्यासाचा प्रवास साधारण असाच होत असे, त्यामुळे मला तो राक्षस ओळखीचा वाटे. पाटीवर लिहिलेलं असे, ‘यमपुरी पाहा, आपोआप चालणारी गाडी’. आत अंधार, साप, यमदूत, उकळत्या तेलाची कढई आणि शेवटी एकदम लख्ख उजेडात अष्टभुजा देवी. नरक बघून भेदरलेल्या माणसाला जाता जाता देवीचं दर्शन घडवलं नाही, तर बायका पोरांना आत सोडणार नाहीत, हा अण्णांचा हिशेब होता. माणूस विजापूरकडचा, पण आमच्या बायका त्याला बरोबर कळल्या होत्या. निदान त्याला तसं वाटत होतं.

आमचं घर दोन खोल्यांचं, विणकरांच्या गल्लीत. पहाटेपासून चारी बाजूंनी मागांची खटक-खटक सुरू होई ती दिवेलागणीपर्यंत. बाहेरगावचा पाहुणा आला, की पहिला दिवस कानावर हात ठेवून काढी. आम्हाला मात्र तो आवाज थांबला तरच जाग येई. बाबा चादरीच्या कारखान्यात जात आणि संध्याकाळी भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन परत येत. आई घरी रहाटावर सुताच्या कांड्या भरे. स्वयंपाक माझ्या आत्याकडे. ती बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन-चार वर्षांतच नवरा गेला, पदरी मूल नाही, म्हणून भावाकडे आली आणि घराची मालकीण होऊन राहिली. तिची शेंगाची चटणी उखळात कुटून तेल सुटलेली असे, आणि ज्वारीची भाकरी अशी पातळ, की चुलीशी उभी करून कडक केली म्हणजे आठवडाभर टिके. जीभही तिची तशीच होती, कडक आणि टिकाऊ. आई तिला वन्सं म्हणे, ती आईला वैनी म्हणे, आणि त्या काळात दोघींचं एकमेकींशी बोलणं तेवढंच उरलं होतं. बाकी सगळं रहाटाची घरघर आणि भाकरीची थापथाप यांवरच चाले.

याला कारण माझी ताई. ती धरणाकाठच्या एका गावात दिलेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. ताईला आणायला आत्या गेली. सासरच्यांनी ‘सुगी झाली की धाडतो’ म्हणून सांगितलं आणि आत्या एकटीच परत आली. त्यानंतर ताई आली नाही, निरोपच आला. बाळही राहिलं नव्हतं. आई त्या दिवसापासून हसेनाशी झाली. आत्याला ती एका शब्दानंही बोलली नाही, आणि मला वाटतं तेच आत्याला जड गेलं. भांडली असती तर आत्या निदान उलटून भांडली तरी असती.

त्या वर्षी संक्रांतीनंतर आत्याच म्हणाली, “वैनी, भवानीची ओटी भरून येऊ या. लई दिस झालं.” आई नको म्हणाली नाही, हेच पुष्कळ. पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड घेऊन आम्ही तिघी दुपारी निघालो. वाटेत गड्डा लागला आणि माझे पाय राक्षसापाशी रुतले. आत्या म्हणाली, “भ्यायला पैसे कशाला द्यायचे? घरात काय कमी हाय?” आई मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बसू या की, सुमे.” मी आठवीत होते आणि आईनं स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. आत्या बाहेर भज्यांच्या गाड्यापाशी थांबली, पिशवी आईच्या मांडीवर राहिली, आणि आम्ही दोघी राक्षसाच्या तोंडात गेलो.

आतल्या प्रवासाचं वर्णन मी करणार नाही, कारण मी बहुतेक वेळ डोळे मिटून बसले होते. मानेवरून काहीतरी गार, ओलं सरपटलं तेव्हा मी अशी किंचाळले, की मागच्या गाडीतली माणसं माझ्यामुळेच घाबरली असावीत. मग डोळ्यांवर उजेड आला. गाडी संथ झाली. समोर देवी उभी होती, आठ हात, मुकुट, कपाळभर कुंकू, आणि तिच्या पापण्या हलत होत्या. मी बघतच राहिले. गाडी पुढं सरकली, अंधाराचं शेवटचं वळण आलं, मी राक्षसाच्या कानातून बाहेर पडले, आणि शेजारी बघते तर आई नाही.

“वैनी कुटं?” आत्यानं विचारलं.

“देवीपाशी उतरली वाटतं.”

तिकिटाच्या मेजामागून बसप्पा अण्णांनी कपाळाला हात लावला. “अक्का उतरल्या काय? ह्या गावात देवी दिसली की कुणी गाडीत बसून राहतच न्हाई बगा. कोण नारळ ठेवतंय, कोण लोटांगण घालतंय. हुबळीला एक माणूस उतरला न्हाई.” मग त्यांनी आपल्या मुलाला, मल्लूला, हाक मारली आणि मला मागच्या बाजूनं आत न्यायला सांगितलं. आत्यानं पाताळात पाय ठेवायला साफ नकार दिला.

मल्लू नखशिखांत काळ्या कपड्यांत होता. तेव्हा मला कळलं, की आपोआप चालणारी गाडी मल्लू आणि त्याचे तीन चुलतभाऊ मागून ढकलतात, तेही अनवाणी, म्हणजे पावलांचा आवाज होऊ नये. त्यानं तंबूची कनात उचलली आणि म्हणाला, “हितनं वाका. दोऱ्या हायत, पाय बघून टाका.” आत चहाचा, डिंकाचा आणि घामाचा वास होता. ज्या नरकातून मी आत्ताच डोळे मिटून गेले होते, तो उलट्या बाजूनं बांबूंना बांधलेला दिसत होता. उकळत्या तेलाची कढई म्हणजे गुऱ्हाळातली जुनी काहील. तिच्यात लाल कागदाच्या चिंध्या, खाली एक बल्ब आणि एक टेबलफॅन. पंखा फिरला की कागदाच्या ज्वाळा उठत. कढईत तळले जाणारे पापी म्हणजे कापडदुकानातले शर्ट घालायचे पुतळे, आणि पाप केलेलं असूनही सगळ्यांच्या तोंडावर दुकानातलंच हसू. विजेचा कडकडाट एक म्हातारे गृहस्थ पत्रा हलवून करत होते. दुसऱ्या हातानं त्यांनी चहाची बशी धरली होती, आणि कडकडाटात एक थेंब सांडत नव्हता. साप म्हणजे सायकलच्या ट्यूब.

यम मात्र खरा होता. मोठ्या मिशांचा एक माणूस बांबूच्या रेड्यावर बसून कागदातला हुरडा खात होता. घंटी वाजली, गाडी जवळ आली, की हुरडा रेड्याच्या मानेखाली सरकवायचा, “चित्रगुप्ता, कोण आला रे?” म्हणून गरजायचं, आणि गाडी गेली की पुन्हा हुरडा. त्यानं मला मूठभर दिला. यमाच्या हातचा हुरडा खाल्लेली सोलापुरात मी एकटीच असेन. पुढं अंधारात वरून काहीतरी लोंबत होतं, ते माझ्या गालाला लागलं आणि मी पुन्हा दचकले. मल्लूनं बॅटरी मारली. पाण्यात भिजवलेल्या सुताच्या लडी होत्या, आमच्याच गल्लीतून आणलेल्या. जवळ गेल्यावर खळीचा तो आंबूस वास आला, जो आमच्या घरात, आईच्या हातांना, माझ्या वह्यांनाही येत असे. जन्मभर ज्याच्या सोबत राहिले त्याच सुताला मी भ्याले होते.

मागच्या वर्षी नातीनं मला एका मोठ्या पार्कात नेलं. तिथं भुतांच्या महालाची मागची बाजू दाखवायचं वेगळं तिकीट आहे. सगळं स्वच्छ, तारा भिंतीत, भुतं यंत्रावर चालणारी. समजावून सांगणारा मुलगा फार चांगला होता, पण आत कुणीच काही खात नव्हतं. मला जरा सुनंच वाटलं.

तर मल्लूनं शेवटची कनात बाजूला केली. देवीच्या ओट्यामागं, पडद्याआड, एका पत्र्याच्या ट्रंकेवर वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी बसली होती. कपाळावर देवीचं कुंकू, अंगावर परकर-पोलकं आणि वर मल्लूची चादर. ती तांब्यातलं पाणी पीत होती. तिच्या मांडीवर आमचा खण आणि आमचा नारळ होता. तिचं पोट चांगलंच पुढं आलेलं, आणि पाय सुजून लाकडासारखे झालेले. ती मल्लूची बायको, चंद्रव्वा. “आई कुठंय?” मी विचारलं. तिनं बोटानं पडद्याकडं दाखवलं.

मी फटीतून बघितलं. लख्ख उजेडात देवी उभी होती. हिरवं लुगडं, मुकुट, आठ हात. देवीच्या नाकात माझ्या आईची चमकी होती.

झालं होतं ते असं. आई गाडीतून उतरून ओटी भरायला पुढं झाली. देवीनं पदर पसरला, तेव्हा लुगड्याखालचं पोट आईला दिसलं. देवीला ओटी, आणि पोटुशीलाही ओटीच, त्यामुळे आईचा हात काही थांबला नाही. पण तांदूळ घालताना तिचं लक्ष पायांकडं गेलं, आणि तेवढ्यात देवी डोळे फिरवून कलली. आईनं तिला धरून पडद्याआड बसवली. तोवर पुढच्या गाडीचा खडखडाट ऐकू यायला लागला. नरकातून आलेली माणसं रिकामा ओटा बघणार, हे आईच्यानं बघवेना. कुणाचं काम तिच्यादेखत मोडलेलं तिला कधीच खपत नसे. तिनं लुगडं गुंडाळलं, लाकडी हातांचा पट्टा पाठीला बांधला आणि उभी राहिली.

मी फटीतून बघत असताना पुढची गाडी आली. तिच्यात आत्या होती. वाट बघून वैतागली आणि शेवटी भ्यायला पैसे देऊन बसली. आता आत्या आईला ओळखणार आणि पाताळात खरा प्रलय होणार, असं मला वाटलं. पण आत्यानं वर बघितलंच नाही. उजेड दिसला तशी ती हात जोडूनच उतरली आणि ओट्यावर डोकं टेकवून बसली. गाडी रिकामी पुढं गेली.

“आई, मी मागाय न्हाय आले,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “सांगाय आले. त्या दिशी पोरीनं माझा पदर धरला हुता. आत्ये, पाय सुजल्यात, मला ने म्हणाली. मानसं म्हणली सुगी झाल्यावर धाडतो. आपण लेकीकडची, किती ताणायचं, म्हणून मी पदर सोडवून घेतला अन् आले. ह्ये मी वैनीला सांगितलं न्हाय. तिच्याम्होरं माझं तोंडच उघडत न्हाय. मला काय करायचं त्ये कर, पण तिला तेवढी हसव.”

माझ्या आईचे आठ हात. त्यातले सहा लाकडी. उरलेल्या दोन हातांतल्या एकात त्रिशूळ होता आणि दुसरा आशीर्वादाला वर धरलेला. तो हात खाली आला आणि आत्याच्या डोक्यावर टेकला. आत्या ओरडली नाही, हलली नाही. देवी हलते हे तिला बहुतेक साहजिकच वाटलं. पुढच्या गाडीची घंटी झाली, मल्लूनं तिला दंडाला धरून पडद्याआड आणलं आणि पत्रावाल्या म्हाताऱ्यानं तिच्या हातात चहा दिला. चंद्रव्वा पुन्हा ओट्यावर जायला उठली, तर मल्लूनं तिला बसवून गाड्याच थोडा वेळ थांबवल्या. मग आई आत आली. मुकुट काढलेला, पण पाठीचे सहा हात तसेच, कारण ते सोडायचे कसे हे तिला माहीत नव्हतं.

आत्यानं बशीवरून वर बघितलं.

“तूच व्हतीस, वैनी?”

“व्हय.”

“समदं ऐकलंस?”

“ऐकलं.”

आई तिच्याशेजारी खाली बसली. लाकडी हात मागच्या बांबूवर खटखट आपटले. मग दोघी रडल्या, नाकं ओढत, पदरानं डोळे पुसत, कुणाची लाज न धरता. मीही रडले, आणि मला फार हलकं वाटलं. यम डोकावून बघून गेला.

डोळे पुसून, चंद्रव्वाची विचारपूस करून झाल्यावर आई म्हणाली, “वन्सं, ह्या पोरीला म्हायेर न्हाय. आई गेली, बाप कुटं गेला कुणाला ठाव न्हाय. सासूबी न्हाय. हितं समदे गडीमानसं. हिला आपल्याकडं न्यायची.”

आत्याचा चेहरा एकदम बदलला. “न्हाय. तिचे पाय बघितलेस न्हवं? तिचं काय बरंवाईट झालं, तर तू परत उठायची न्हाईस. एकदा झालं तेवढं बास.”

“उठलेय की मी,” आई म्हणाली. “मघा वट्यावर उभीच व्हते न्हवं?”

आत्या उठली आणि आईच्या पाठीचा पट्टा सोडवायला लागली. गाड्या का थांबल्या ते बघायला आत आलेल्या अण्णांना मात्र प्रश्न पडला. सून नेली तर देवी कुठून आणायची? आई म्हणाली, “गड्डा हाय तवर दुपारची मी येते.” आणि खरोखरच जत्रा संपेपर्यंत माझी आई दुपारी कांड्या आटोपून पाताळात जायची. गल्लीतल्या किती बायका उतरून तिच्या पाया पडून गेल्या त्याला गणती नाही. शेजारच्या काकूंनी तर देवीसमोर आईचंच गाऱ्हाणं घातलं, की नळाला आमची शेजारीण पहिली घागर लावते, तिला बुद्धी दे. दुसऱ्या दिवशी आईनं त्यांना पहिली घागर लावू दिली, आणि काकूंची भक्ती वाढली. बाबाही एकदा गाडीत बसून गेले. घरी येऊन जेवताना एवढंच म्हणाले, “मुकुट जरा कलला होता.”

चंद्रव्वा आमच्याकडे आली ती ट्रंक घेऊनच. जत्रेतल्या इंजिनाच्या धडधडीत वाढलेली पोर, मागांच्या आवाजात ती पहिल्याच रात्री गाढ झोपली. आत्यानं तिच्याशी बोलणं आखडतंच ठेवलं. पण रोज सकाळी ती चंद्रव्वाच्या नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का बघे, मीठ कमी घालून तिची भाजी वेगळी काढी, आणि तिला घेऊन दवाखान्याच्या रांगेत बसे. बाळंतपणाच्या तयारीचे ते दोन महिने मला आठवतात ते मेथीच्या, अळिवाच्या, डिंक तळल्याच्या वासानं. घरात सगळ्यांना एकच भीती होती आणि कुणीच ती बोलत नव्हतं. मी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून आधी कान देई. रहाट ऐकू आला की मग पुढं जाई.

कळा सुरू झाल्या तशी आत्यानं सुईणीचं नाव काढू दिलं नाही. टांगा आणवला आणि सरळ सरकारी दवाखाना गाठला. दिवसभर आई आणि ती पायऱ्यांवर बसून होत्या. आईनं आत्याचा हात धरून ठेवला होता. ऊन उतरल्यावर नर्सबाई बाहेर आल्या. “मुलगी झाली. दोघी छान आहेत.”

“दोघी?” आत्यानं विचारलं.

“हो, दोघी.”

“बाळंतीण बोलतीया?”

“बोलते की. भूक लागली म्हणते.”

आत्या पायरीवरच बसून राहिली. आई तिच्याकडं बघून हसली. मोठ्यानं नाही, पण मी बघितलं.

बाळ-बाळंतीण घरी आल्या. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, बाळाच्या टाळूवर तेल, सगळं आत्याच्या हुकमतीत. महिना व्हायच्या आतच एके दिवशी दारात टेम्पो थांबला. बसप्पा अण्णा आणि मल्लू आले होते. अण्णांनी बाळाच्या हातात चांदीचे वाळे घातले, नातीचं नाक अगदी आपलंच म्हणाले, आणि गूळपाणी झाल्यावर हळूच विषय काढला. पुढची जत्रा तोंडावर आली होती. देवीच्या जागी तसबीर लावून बघितली, पण लोक नुसते पुढं निघून जात होते. खेळ उदास झाला होता. “चंद्रव्वाला नेतो, अक्का. एवढी जत्रा झाली की परत धाडतो आराम करायला. शब्द देतो बगा.” माणूस वाईट नव्हता, आणि त्याची अडचणही खोटी नव्हती. आईनं आत्याकडं बघितलं. “वन्सं म्हणतील तसं,” ती म्हणाली.

आत्या चुलीपासून उठली, हात पुसले आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

“अण्णा, धाडतो म्हणून सांगितल्यालं ऐकून एका दारातनं मी मागारी आलेय. आज तुमी जावा. सव्वा महिना झाल्याबिगर ती ह्यो उंबरा वलांडायची न्हाई. अन् त्येच्या फुडंबी, तिचे पाय मी बघीन, मग ठरवीन.”

अण्णांनी हात जोडले. देवी दिसल्यावर गाडीत बसून राहणारा माणूस आता तो उरला नव्हता, आमच्या गावातलाच झाला होता. आईनं मल्लूच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा दिला, आणि मल्लू बाळाकडं वळून वळून बघत टेम्पोत चढला. आत्या उंबऱ्यातून हलली नाही. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला, त्याचा आवाज मागांच्या आवाजात बुडाला, तेव्हा ती आत आली.

“सुमे, दार लाव,” ती म्हणाली. “माझ्या लेकीला वारं लागतंय.”